सातवे वाक्य

चौकशीताई हे नाव त्यांना गल्लीने दिले. नाव चुकीचे नव्हते, पण अर्धेच होते. ताई चौकशी करत नसत. त्या वाचून दाखवत, ऐकत आणि लिहून घेत. यात आणि चौकशीत फरक आहे. तो समजायला त्यांना तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि पुढची पाच वर्षे लागली.

त्याआधी बावीस वर्षे त्या काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात होत्या. पट्ट्यावरून बाटल्या येत, मागे पांढरा दिवा, समोर ताई उभ्या. तडा दिसला की बाटली उचलायची आणि डावीकडच्या पेटीत टाकायची. मिनिटाला साठ बाटल्या. दर वीस मिनिटांनी माणूस बदलत, कारण त्यानंतर डोळा समोर नसलेलेही दाखवतो आणि असलेलेही सोडतो. कारखाना बंद पडला तेव्हा ताई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. डोळे शाबूत होते. गुडघे नव्हते.

आणि काम मिळाले ते नेमके पायांचे. विद्यापीठाच्या एका विभागाला घरोघर जाणारी माणसे हवी होती. विभाग काय करतो हे ताईंनी घरी सांगितले ते असे: "लोक खोट्या बातम्या खऱ्या का मानतात, ते शोधतात."

नवरा वेल्डर. जन्म काळ्या काचेमागे गेलेला. जेवता जेवता म्हणाला, "त्यात शोधायचं काय? मला विचारा की. मेहुणा पाठवतो म्हणून."

"माझ्या भावाला मध्ये आणू नका."

"मी कुठे आणतो? तोच रोज सकाळी सहाला फोनमध्ये येऊन बसतो."

पुढे ताईंना घरोघर हेच ऐकू आले. असले निरोप तुम्ही पुढे पाठवता का, असे विचारले की कोणीही हो म्हणत नसे. "मी नाही हो, आमचा मेहुणा पाठवतो." मेहुण्याच्या घरी गेले की तो आपल्या मेहुण्याचे नाव सांगे. शहरातल्या सगळ्या थापांचा भार एकट्या मेहुणे जमातीवर आहे, असे ताईंनी मॅडमना सांगितले तेव्हा मॅडम हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या.

मॅडम म्हणजे विभागाच्या प्रमुख. वयाने ताईंच्या धाकट्या बहिणीएवढ्या. पेनाचे टोपण चावायची सवय. काम त्यांनी आखलेले. बारा वाक्ये. सहा खरी, सहा खोटी, सरमिसळ केलेली. घरात जायचे, बसायचे, एकेक वाक्य वाचायचे. ऐकणाऱ्याने सांगायचे: खरे, खोटे की माहीत नाही. मग पुठ्ठ्यावरच्या पाच वर्तुळांपैकी एकावर बोट ठेवायचे. लहान वर्तुळ म्हणजे थोडीशी खात्री, मोठे म्हणजे पक्की. मग विचारायचे, हे तुम्हाला कुठून कळले? तीन आठवड्यांनी त्याच घरी पुन्हा जायचे, तीच वाक्ये वाचायची, आणि काय टिकले, काय उडाले ते पाहायचे.

वाचण्याची रीत कडक होती. बाराही वाक्ये एकाच आवाजात, एकाच चालीने. भुवई उचलायची नाही. मान हलवायची नाही. "अस्सं का" म्हणायचे नाही. लोक वाक्य ऐकत नाहीत, सांगणाऱ्याचे तोंड वाचतात, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. ताईंनी महिनाभर आरशासमोर सराव केला. वेल्डर दारातून पाहत असे. "दिवा गेलाय की बायको गेलीय तेच कळत नाही," म्हणे. पण तो चेहरा साधला. विभागातल्या नऊ जणींत ताईंसारखे कोणी वाचत नसे.

शेवटी असे पिवळा कागद. त्यावर सहा खोटी वाक्ये, आणि प्रत्येकाखाली खरे काय ते. तो मोठ्याने वाचून दाखवायचा, कळले का विचारायचे, कागद घरात ठेवायचा, आणि फॉर्मच्या तळाशी चौकोनात खूण करायची. मॅडम त्याबाबतीत हट्टी होत्या. "ताई, आपण लोकांच्या घरात सहा खोटी वाक्यं घेऊन जातो. येताना सगळी परत आणायची. एकसुद्धा तिथे राहता कामा नये."

ताईंना हे बाटल्यांसारखे वाटले. सोपे वाटले.

*

ती इमारत सहा मजल्यांची. मजल्याला सतरा पायऱ्या, एकूण एकशे दोन. लिफ्ट बंद. ताईंची पद्धत अशी की आधी सगळे चढून घ्यायचे, मग उतरत उतरत घरे करायची. गुडघ्यांना चढ एकदाच पडतो.

सहाव्या मजल्यावर, लिफ्टच्या यंत्रखोलीला लागून, एक काका राहत. वय त्र्याहत्तर. एकटेच. पस्तीस वर्षे लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली. दार उघडल्या उघडल्या म्हणाले, "बोलू नका. आधी बसा. मला माहितीये तुम्ही काय विचारणार. लिफ्टवाल्याच्या इमारतीत लिफ्ट बंद कशी?"

"मी काही विचारलं नाही, काका."

"सगळे विचारतात. पस्तीस वर्षं जगाला वर नेलं, आता स्वतः चढतोय. हात लावू देत नाहीत मला. कंपनीचा करार आहे म्हणे."

मेजावर उघडा पंखा होता आणि नट-बोल्टांचा डबा. त्यांनी ताईंना पाणी दिले. ताईंनी वाचायला सुरुवात केली. काका चोख उत्तरे देत होते. सातव्या वाक्याला थांबले.

सातवे वाक्य असे होते: रक्तदाबाची गोळी दर दोन महिन्यांनी पंधरा दिवस बंद ठेवली, तर शरीराला तिची सवय लागत नाही आणि ती जास्त लागू पडते. हे साफ खोटे होते. पिवळ्या कागदावर लिहिलेच होते की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी एक दिवसही बंद करू नये.

"पुन्हा वाचा," काका म्हणाले.

ताईंनी वाचले. तोच आवाज, तीच चाल.

"माहीत नाही," काका म्हणाले. "पण पटण्यासारखं आहे."

ताईंनी मान हलवली नाही. लिहून घेतले.

बारावे वाक्य संपेपर्यंत काकांचे डोळे मिटू लागले होते. दुपारचे अडीच वाजले होते. "बाई, आता पुरे. माझी पडायची वेळ झाली." ते उठून खाटेकडे गेलेसुद्धा. ताई हातात पिवळा कागद घेऊन उभ्या राहिल्या. आठवड्यातले ते बेचाळिसावे घर. खाली पाच मजले बाकी. उजवा गुडघा तव्यासारखा तापलेला. "काका, कागद ठेवते हं डब्याखाली. उठल्यावर नक्की वाचा, महत्त्वाचा आहे."

"हं," काका म्हणाले. तेही झोपेतच.

बाहेर येऊन ताई पायरीवर बसल्या. पॅड मांडीवर घेतले. चौकोन लहान होता, करंगळीच्या नखाएवढा. 'कागद वाचून दाखवला.' ताईंनी खूण केली.

पाच वर्षांतली तेवढी एकच. पण केली.

*

तीन आठवड्यांनी दुसरी फेरी. ताई एकशे दोन पायऱ्या चढल्या. काकांच्या दाराला कुलूप. म्हणून पाचव्या मजल्यापासून सुरुवात केली. तिथे शिवणकाम करणारी बाई, शाळांचे गणवेश शिवणारी. मशीन थांबवायला तयार नसे. एक पाय मशीनच्या पायडलवर, एक कान ताईंकडे.

सातवे वाक्य आले.

"खरं," ती म्हणाली.

ताईंनी पहिल्या फेरीचा कागद पाहिला. तिथे 'खोटं' होते. पिवळा कागद हिला नीट वाचून दाखवला होता; ते ताईंना आठवत होते, कारण तेव्हा मशीन बंद करायला लावले होते. त्यांनी चेहरा हलू दिला नाही. पुठ्ठा पुढे केला. शिवणवालीने चौथ्या वर्तुळावर बोट ठेवले. त्याहून मोठे एकच उरत होते.

"हे तुम्हाला कुठून कळलं?"

मशीन थांबले. "अहो ताई, काय विचारता! तुमच्याकडूनच की."

"माझ्याकडून?"

"तुम्ही वाचलं होतंत ना. मग ते पिवळ्या कागदाचं काहीतरी होतं खरं, पण वरच्या काकांनी सांगितलं, विद्यापीठाच्या बाई स्वतः येऊन सांगून गेल्या. त्यांनी तर बंदच केलीय गोळी. बारा दिवस झाले. माझ्या सासूबाईपण विचार करतायत."

फॉर्मवर पर्याय छापलेले होते: घरचे, शेजारी, फोनवरचा निरोप, वर्तमानपत्र, टीव्ही, डॉक्टर. सातवा पर्याय 'इतर', आणि पुढे एक कोरी ओळ. ताईंनी त्या ओळीवर लिहिले: मी.

"सासूबाईंना सांगा, बंद करायची नाही," त्या म्हणाल्या. सर्वेक्षणाच्या मध्ये असे बोलणे नियमात बसत नव्हते. "अजिबात नाही. मी येते परत." आणि पॅड काखेत मारून त्या जिना उतरू लागल्या. कधी नव्हे ते दोन दोन पायऱ्या.

काका तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलेले सापडले. पायरीवर पिशवी, पिशवीत एक बल्ब आणि पाव. चेहरा लाल.

"बसलोय जरा," ते म्हणाले. "दोन दिवस डोकं जड आहे. लिफ्ट असती तर कळलंही नसतं."

ताई शेजारी टेकल्या. "काका, गोळी बंद केलीत?"

"केली की. तीनच दिवस राहिले. मग जोरात लागू पडेल."

"नाही पडणार. ते वाक्य खोटं होतं."

काकांनी त्यांच्याकडे पाहिले. मग हसले. "बाई, तुम्हीच म्हणालात."

"मी म्हटलं नाही. विचारलं."

"वाचलंत. आणि कसं वाचलंत! खोटं बोलणारा माणूस गोड बोलतो, डोळे मोठे करतो, पुढे पाठवा पाठवा म्हणतो. तुम्ही पाण्याचं बिल वाचावं तसं वाचलंत. मी म्हटलं, ही बाई खोटं बोलणारी नाही."

महिनाभर आरशासमोर घासून काढलेला तो चेहरा.

त्यांनी पिशवीतून पिवळा कागद काढला. काकांनी चष्मा लावला, वाचला, परत दिला. "हा नंतर छापला असेल."

"तुमच्याकडे त्याच दिवशी ठेवलाय, डब्याखाली."

"असेल. म्हणजे आधी एक सांगायचं, मग दुसरं छापायचं. वरून दट्ट्या आला असेल तुम्हाला. गोळ्या विकणाऱ्यांचं पोट आहे ना." काका मायेने बोलत होते, जणू ताईंचीच समजूत काढत होते. "तुमचा काय दोष? नोकरी आहे."

ताईंनी आणखी दोनदा सांगितले. डॉक्टर काय म्हणतात ते सांगितले. जितके सांगितले तितके काका मागे टेकत गेले. हेही ताईंनी मॅडमच्या तोंडून ऐकले होते: पटलेले एकदा आत जाऊन बसले की ढकलून बाहेर निघत नाही. तेव्हा ते लिहून घेतले होते. आता समोर माणूस होता आणि त्याच्या कपाळावरची शीर उडत होती.

मग त्यांनी पॅड उघडले. पहिल्या फेरीचा काकांचा फॉर्म काढला आणि तळाच्या चौकोनावर बोट ठेवले.

"हे बघा. इथे लिहिलंय, कागद वाचून दाखवला. खूण माझी आहे. मी वाचला नव्हता."

काका पुढे वाकले.

"तुम्ही झोपला होतात. माझा गुडघा दुखत होता. बेचाळिसावं घर होतं. मी कागद डब्याखाली सारला, बाहेर पायरीवर बसले आणि खूण केली. वाचला असता तर तुम्ही गोळी सोडली नसती."

त्यांनी चौकोनावर नख टेकवले.

"कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग सांगता कशाला?"

"तुमचं डोकं जड आहे म्हणून."

काकांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला, जरा जास्तच वेळ. "यंत्रखोलीत एक कार्ड असतं," ते म्हणाले. "दर महिन्याला दोर बघायचा, ब्रेक बघायचा आणि सही करायची. एका डिसेंबरात मी वर गेलोच नाही. अकरा मजली इमारत होती, माझा ताप उतरत नव्हता. खालीच बसून सही केली. चौथ्या दिवशी एक बाई दीड तास अडकली आत. काही झालं नाही तिला. बाहेर आली आणि मलाच धन्यवाद म्हणाली."

"मग?"

"मग काय. सांगितलं नाही कुणाला. एकवीस वर्षं झाली." त्यांनी फॉर्म ताईंच्या हातात परत दिला, कडेला धरून, डाग पडू नये तसा. "खोटी सही माझ्या ओळखीची आहे. असलं कुणी उगाच रचून सांगत नाही." पिशवी उचलून ते उठले. "चला, कुठे तो डॉक्टर? तीन मजले खाली, मग सहा वर. सगळं या लिफ्टमुळे."

डॉक्टर रस्त्यापलीकडे. त्यांनी हाताला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला. गोळी त्यांनी समोरच घ्यायला लावली आणि आठवडाभर रोज येऊन मोजून जायला सांगितले. "आणखी चार दिवस गेले असते तर आपण इथे बोलत नसतो. कोणी सांगितलं बंद करायला?"

ताईंनी तोंड उघडले. काका आधी बोलले. "मीच. जास्तीची अक्कल चालवली."

ताईंचा तो दगडी चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा कामी आला नाही. त्या खिडकीकडे वळल्या.

परत आल्यावर जिन्यात बसवूनच त्यांनी काकांकडून यादी घेतली, कोणाकोणाला सांगितले याची. अकरा घरे. त्यातली दोन शेजारच्या इमारतीत, तिथेही लिफ्ट नव्हती. ताई अकराही घरी गेल्या. पिवळा कागद वाचला, समोरच्याला परत म्हणून दाखवायला लावले, मग पुढे. साडेतीन तास. शिवणवालीच्या सासूबाईंना तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "कळलं गं बाई, आता तू बस खाली."

*

सकाळी ताईंनी मॅडमच्या टेबलावर आधी ओळखपत्र ठेवले, मग फॉर्म, मग सांगितले. सगळे, गुडघ्यासकट.

मॅडम टोपण चावत ऐकत होत्या. "इमारत बाद करावी लागेल," त्या शेवटी म्हणाल्या. "एकतीस फॉर्म."

"करा. पुन्हा चालीन दुसरीकडे."

"तुमच्या अशा आणखी किती खुणा आहेत, ताई?"

"एकही नाही."

मॅडमनी ताईंच्याच गठ्ठ्यातून डोळे मिटून वीस फॉर्म उपसले आणि त्यांच्यासमोरच एकेका घरी फोन लावला. पिवळा कागद वाचला होता का? काय होतं त्यात? ताई उभ्या राहिल्या. त्यांना राग आला नाही. कारखान्यातही त्यांच्या पुढे दुसरी तपासणी बसलेली असे, आणि ती नसती तर त्यांना झोप लागली नसती. विसावा फोन झाला. मॅडमनी ओळखपत्र टेबलावरून उचलून ताईंच्या हातात दिले.

"हे सगळं अहवालात जाणार. तुमचं नाव नाही घालणार. पण तुम्ही लिहून द्या, तुमच्या शब्दांत. मी एक अक्षर बदलणार नाही."

ताईंनी एक पान लिहिले. त्यांना पूर्ण दिवस लागला.

नव्या फॉर्ममधून तो चौकोन गेला. त्या जागी तीन कोऱ्या ओळी आल्या: ऐकणाऱ्याने पिवळ्या कागदातले काय परत सांगितले, ते त्याच्याच शब्दांत. घरामागे चार मिनिटे वाढली. बाकीच्या आठ जणी कुरकुरल्या. ताईंनी हिशेब केला, शंभर घरांना चारशे मिनिटे, आणि नवे फॉर्म पिशवीत भरले.

महिन्याभराने त्या काकांकडे गेल्या. कामाचे कारण नव्हते. लिफ्ट अजून बंदच होती. काकांचा चेहरा निवळला होता. भिंतीवर कॅलेंडर टांगलेले, रोजच्या चौकोनात रक्तदाबाचा आकडा आणि खाली सही.

"माझी दुसरी फेरी राहिलीय," ते म्हणाले. "फॉर्म काढा."

"काका, तुमची इमारत बाद झाली."

"मग माझा फॉर्म कुठे जाणार?"

"कुठेच नाही."

"तरी भरा. अर्धं काम ठेवायचं नाही."

ताई बसल्या. पाणी प्यायल्या. चेहरा सरळ केला आणि बाराही वाक्ये वाचली, एका आवाजात, एका चालीने. सातव्याला काका म्हणाले, "खोटं." बोट सर्वांत मोठ्या वर्तुळावर ठेवले, आणि नखाने दोनदा वाजवले.

"कुठून कळलं?"

"तुमच्याकडून. जिन्यात."

ताईंनी लिहिले. मग पिवळा कागद काढला. काकांचे डोळे मिटू लागले होते, अडीच वाजून गेले होते.

"काका, उठा. वाचायचाय."

"वाचा ना, ऐकतोय."

"डोळे उघडून."

काकांनी खाटेवरच पाठ सरळ केली आणि डोळे उघडले. ताईंनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कागद वाचला, आणि काका परत म्हणून दाखवू लागले तसे लिहून घेतले. तीन ओळी पुरल्या नाहीत. उरलेले त्यांनी मागच्या बाजूला लिहिले.